कुत्र्याच्या नखांपासून दार वाचवायचंय? मग शीट सगळ्यात आधी ठोकू नका

दारावर ओरखडे दिसले की बहुतेक घरांतून पहिला फोन सुतार मिस्त्रींना जातो. मिस्त्री येतात, पल्ल्याच्या खालच्या भागावर सनमायका नाहीतर अ‍ॅक्रिलिकची शीट बसवून जातात. तीन महिन्यांनी बघावं तर शीटच्या वरच्या भागात नवे ओरखडे, शीटच्या कडेला फुगलेलं लाकूड आणि कुत्रं तितकंच बेचैन. शीट वाईट नसते, कामाचा क्रम चुकलेला असतो. आधी कारण शोधायचं, मग नखं, मग शिकवण सुरू करायची, त्यानंतर दाराची दुरुस्ती आणि मग शीट. हा क्रम पाळला तर एकदा केलेलं काम टिकतं.

पुढचं सगळं आपल्या फ्लॅटमधल्या नेहमीच्या दारांबद्दल आहे: सनमायका लावलेले फ्लश डोअर (प्लायचे सपाट दरवाजे), सागाच्या व्हिनियरचे, म्हणजे वर लाकडाचा पातळ थर चिकटवलेले, पॉलिश केलेले दरवाजे, रंग दिलेली जुनी लाकडी दारं आणि जाळीचे सेफ्टी डोअर.

टप्पा १ : ओरखडे वाचा

दारासमोर जमिनीवर बसा आणि टॉर्च तिरपा धरून पल्ला बघा. समोरून न दिसणारे ओरखडे तिरप्या उजेडात स्पष्ट दिसतात. ते कुठे आहेत यावरून बरंच कळतं.

ओरखडे कडीच्या बाजूला, खाली आणि पल्ल्याच्या एकाच अंगाला असतील तर कुत्र्याला आत किंवा बाहेर यायचंय आणि दार खरवडलं की ते उघडतं, हे त्याला पक्कं ठाऊक झालंय. हा सगळ्यात साधा प्रकार.

मुख्य दाराच्या आतल्या बाजूला खोल ओरखडे, तेही पल्ल्याबरोबर चौकटीवर आणि खालच्या फटीपाशी, शिवाय लाळेचे सुकलेले डाग, असं दिसलं तर एकटं राहण्याची भीती असण्याची शक्यता जास्त.

एरवी शांत असणारं कुत्रं फटाके किंवा गडगडाट सुरू झाला की मिळेल ते दार खणायला लागत असेल तर ती आवाजाची भीती. यात बाथरूमचं दार हमखास सापडतं.

ओरखडे नसून चावल्याच्या खुणा असतील, विशेषतः चौकटीच्या खालच्या कोपऱ्यावर, तर दात बघा. पिल्लाचे दुधाचे दात पडून पक्के दात येण्याचा काळ साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत चालतो. त्या काळात लाकूड चावणं नैसर्गिक आहे, त्याला त्या जागी दुसरं काहीतरी चावायला द्यावं लागतं.

नुसता अंदाज बांधून थांबू नका. जुना मोबाइल पुस्तकांच्या कपाटावर उभा करून रेकॉर्डिंग लावा आणि नेहमीसारखे घराबाहेर पडा. किमान पाऊण तास तरी रेकॉर्ड करा. पाच मिनिटांचा व्हिडिओ बघून निष्कर्ष काढणं ही फार लोक करतात ती चूक. एकटेपणाची भीती असेल तर अस्वस्थता बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होते: येरझाऱ्या, धापा, रडणं, मग दार.

आमच्या चिंगीबद्दल आम्ही ठाम होतो की ती आमच्या आठवणीने दार खरवडते. रेकॉर्डिंगमध्ये ती मस्त झोपलेली दिसली. मजल्यावर लिफ्टचं दार वाजलं की मात्र कान टवकारून उठायची, धावत जायची, दोन्ही पंज्यांनी दाराला भिडायची आणि परत येऊन झोपायची. तिचं अंथरूण पॅसेजमध्ये होतं. ते आतल्या खोलीत नेलं आणि मधलं दार लावायला लागलो, तिथे अर्धा प्रश्न सुटला. तोवर मी शीटचे पैसे देऊन बसले होते.

*सावधान :* नखं तुटलेली, पंजातून रक्त, हिरड्यांना जखमा, घरात जागोजागी शी-शू, यांतलं काही दिसलं तर दाराचं काम थांबवा आणि आधी पशुवैद्यांना व्हिडिओ दाखवा. भेदरलेल्या कुत्र्यापुढे गुळगुळीत शीट आली तर ते थांबत नाही. ते चौकटीकडे, खिडकीच्या ग्रिलकडे वळतं आणि इजा वाढते.

टप्पा २ : नखं

फरशीवर चालताना टकटक आवाज येतो का ते ऐका. येत असेल तर नखं वाढली आहेत. डांबरी रस्त्यावर रोज फिरणाऱ्या कुत्र्याची नखं थोडीफार झिजतात, पण पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं, वर असलेलं अंगठ्याचं नख जमिनीला टेकतच नाही. ते झिजत नाही, आकड्यासारखं वळतं, आणि दाराच्या कडेवरचे सगळ्यात खोल ओरखडे बरेचदा त्याचेच असतात.

१. कुत्र्यांसाठीचंच नेलकटर घ्या. माणसांच्या कटरने नख चिरतं.
२. एका वेळी एक-दोन मिलिमीटरच कापा. पांढऱ्या नखात गुलाबी भाग दिसतो, त्याच्या अलीकडे थांबा. काळ्या नखात दर कापानंतर कापलेली बाजू बघा. मध्यभागी गडद ठिपका दिसू लागला की थांबा, पुढे रक्तवाहिनी आहे.
३. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर चिमटीत घेऊन नखाच्या टोकावर दोन-तीन मिनिटं दाबून धरा.
४. कापून झालं की कानशीने कडा गोल करा.

चौथी पायरी सगळे गाळतात. ताज्या कापलेल्या नखाची कड धारदार असते. "नखं कापली तरी दार आणखीच खराब झालं" ही तक्रार तिथूनच येते.

*तपासणी :* कानस फिरवून झाल्यावर नखाचं टोक स्वतःच्या मनगटावर हलकेच ओढून बघा. पांढरी रेघ उमटली तर अजून घासायचं आहे.

बहुतेक कुत्र्यांना हे दर तीन-चार आठवड्यांनी लागतं. कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

टप्पा ३ : शिकवण आजपासूनच

शीट बसण्याची वाट न बघता हे सुरू करायचं, कारण याला आठवडे लागतात.

घरातल्या सगळ्यांनी एक नियम पाळायचा: खरवडण्याच्या आवाजावर दार उघडायचं नाही. खरवडणं थांबलं, मनात पाच आकडे मोजले, मग उघडायचं. पाचदा न उघडता सहाव्यांदा वैतागून उघडणं हे रोज उघडण्यापेक्षा वाईट. त्यातून कुत्रं एवढंच शिकतं की चिकाटी धरली की काम होतं. पहिले काही दिवस खरवडणं वाढतं, ते अपेक्षित आहे, तेव्हा कच खाऊ नका. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना हे नीट समजावून सांगा. "बिचारं कधीचं उभं आहे" म्हणून मायेने दार उघडलं जातं आणि आठवड्याची मेहनत वाया जाते.

मात्र बाहेर जायची खरी गरज सांगायला त्याला दुसरा मार्ग द्या. दाराच्या कडीला त्याच्या नाकाच्या उंचीवर जाड दोरीने घंटा बांधा. प्रत्येक फेरीआधी त्याच्या नाकाने ती वाजवून घ्या आणि वाजली की लगेच बाहेर न्या. घंटा गिळता येईल इतकी लहान नको.

एकटेपणाच्या भीतीला हे पुरत नाही. तिथे जाण्याच्या खुणा निरुपद्रवी कराव्या लागतात: किल्ली उचलायची आणि पुन्हा सोफ्यावर बसायचं, चपला घालून स्वयंपाकघरात फिरायचं. मग दाराबाहेर पाच सेकंद, दहा सेकंद, अर्धा मिनिट. तो अस्वस्थ व्हायच्या आत परत यायचं. भीती खोल असेल तर पशुवैद्यांच्या देखरेखीखाली हे करा. औषध लागेल का, कोणतं, किती, हे त्यांनीच ठरवायचं.

दरम्यान दार वाचवायला साधा आडोसा करा. लहान मुलांसाठीचं फाटक दारापासून दोन-अडीच फूट अलीकडे लावलं की पंजे दारापर्यंत पोचत नाहीत.

*काय करू नये :* दाराशी तिखट किंवा मिरपूड टाकू नका, डोळ्यांना आणि नाकाला इजा होते. डांबरगोळ्या कुत्र्याने गिळल्या तर विषबाधा होते. फिनाइलने दाराजवळची फरशी पुसून "वासाने लांब राहील" म्हणणंही धोक्याचं, कारण ते पंज्यांना लागतं आणि पंजे चाटले जातात. टी ट्री ऑइलही कुत्र्यांना बाधतं. लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्यांचा काही उपयोग होत नाही. कडू स्प्रे चावण्यावर थोडाफार चालतो, खरवडण्यावर नाही. तोही आधी दाराच्या वरच्या कोपऱ्यात मारून बघा, काही स्प्रेंमुळे पॉलिशवर डाग पडतो.

टप्पा ४ : माप

लोक ओरखड्यांची उंची मोजतात आणि तेवढीच शीट आणतात. पण शीट बसली की पंजा घसरतो, कुत्रं आणखी उंच ताणतं आणि शीटच्या वरची कड त्याच्या नखांत सापडते. म्हणून सगळ्यात वरच्या ओरखड्याच्या वर किमान अर्धा फूट घ्या. पिल्लू असेल तर ते पूर्ण वाढल्यावर मागच्या पायांवर उभं राहून कुठवर पोचेल ते धरा. मोठं लॅब्रॅडॉर चार फुटांपर्यंत सहज पोचतं.

आता रुंदी. इथे सगळ्यात जास्त कामं फसतात. आपल्याकडे पल्ला चौकटीच्या खाचेत बसतो. ज्या बाजूने पल्ला खाचेला टेकतो त्या बाजूला शीट पूर्ण रुंदीची घेतली तर तिची जाडी खाचेत अडते, दार नीट लागत नाही आणि जोर लावून लावलं की बिजागऱ्यांवर ताण येतो.

१. दार लावा. खाचेच्या बाजूने पेन्सिल चौकटीला टेकवून पल्ल्यावर तिन्ही कडांनी रेघ मारा.
२. त्या रेघेच्या आत आणखी ५ मिलिमीटर सोडा. शीट एवढीच रुंद.
३. खाली पल्ल्याच्या तळापासून ५ ते १० मिलिमीटर सोडा, म्हणजे फरशी पुसतानाचं पाणी शीटमागे चढणार नाही.
४. कडी, बोल्ट, लॅच, दाराचा स्टॉपर शीटच्या क्षेत्रात येतात का ते लिहून ठेवा.

*तपासणी :* त्याच मापाचा पुठ्ठा कापून चिकटपट्टीने दारावर लावा आणि एक दिवस दार नेहमीसारखं वापरा. कुठेही घासलं तर माप बदला. पुठ्ठा फुकट मिळतो, शीट नाही.

टप्पा ५ : दुरुस्ती

आधी दार कोरडं आहे का ते बघा. पावसाळ्यात फ्लश डोअरचा तळ ओल ओढतो आणि फुगतो. त्यावर जुलैत शीट लावली की ओल आत कोंडते. आमच्याकडे नेमकं हेच झालं. शीट काढली तेव्हा मागे लाकूड काळं पडलेलं आणि प्लायचे थर पुठ्ठ्यासारखे सुटलेले. दुसरे मिस्त्री बघायला आले, त्यांनी वाकून पल्ल्याच्या तळाशी बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, खालच्या कडेला कधी रंगच लागलेला नाही. पाणी इथून शिरतंय." आरसा जमिनीवर ठेवून तुमच्या दाराचा तळ बघा. तो कोरा असेल तर आधी दार सुकवा, मग त्या कडेला सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा थर) किंवा ऑइल पेंटचे दोन हात द्या. हे काम ऑक्टोबरच्या उन्हात सगळ्यात चांगलं होतं.

मग ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. अडकलं नाही तर ओरखडा फक्त वरच्या थरात आहे. स्वच्छ पुसून फर्निचर पॉलिश लावलं तरी भागतं. अडकलं तर भराव लागेल, आणि भराव कसा करायचा ते दाराच्या प्रकारावर ठरतं.

*पॉलिशचं लाकूड :* साबणाच्या ओलसर कापडाने पुसा, एक दिवस सुकू द्या. १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, दोन्ही लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवा फिरवलेला पेपर पॉलिशनंतर उठून दिसतो. भुसा आणि फेव्हिकॉलचा लगदा भरायची पद्धत सर्रास आहे, पण सुकलेल्या फेव्हिकॉलवर रंग धरत नाही आणि तिथे फिकट डाग राहतो. त्याच लाकडाचा बारीक भुसा सीलरमध्ये कालवून भरा किंवा रंगछटा जुळणारी वूड पुटी वापरा. नंतर सीलर, ३२० चा हलका हात, मग पॉलिश. दमट हवेत पॉलिश पांढरं पडतं, म्हणून पावसाची झड असेल तर थांबा.

*व्हिनियर :* सागाचा थर अर्धा मिलिमीटरच्या आसपास असतो, कधी त्याहूनही पातळ. इथे १२० चा पेपर किंवा मशीन अजिबात नको. २२० ने हाताने, बेताने.

*सनमायका :* घासायची नाही. जुळत्या रंगाची मेणाची फिलर कांडी भरून प्लास्टिकच्या कार्डाने सपाट करा. तुकडा उडाला असेल तर वरून शीट येणार आहेच, खड्डा पुटीने सपाट केला तरी पुरे.

*जुना रंग :* भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारा नियम २०१६ मध्ये आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात जास्त शिसं असू शकतं. असं दार कोरडं घासू नका. पाण्याचा पेपर वापरून ओलं घासा, मास्क लावा, खाली प्लास्टिक अंथरा. लहान मुलं आणि कुत्रं त्या खोलीत नको.

*सावधान :* थिनर आणि पॉलिशच्या वासात कुत्र्याला ठेवू नका. आणि वास गेला म्हणजे थर पक्का झाला असं नाही. शीट चिकटवण्याआधी नव्या पॉलिशला किमान आठवडा द्या.

टप्पा ६ : शीट

पारदर्शक हवी असेल तर २ मिलिमीटर पॉलिकार्बोनेट घ्या. अ‍ॅक्रिलिक दिसायला जास्त चकचकीत असतं, पण स्क्रूच्या भोकापाशी तडकतं आणि तडकलेली कड पंजा कापते. पॉलिकार्बोनेटवरही ओरखडे उठतात, पण ते फुटत नाही. मोठं, जोरकस कुत्रं असेल तर स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा सगळ्यात टिकाऊ, फक्त चारही कडा फाइलने घासून आणल्याशिवाय तो घरात घेऊ नका. सनमायकाच्या दारावर जुळत्या रंगाची १ मिलिमीटर सनमायकाही चालते. पुण्यात ही खरेदी बोहरी आळी आणि भवानी पेठेत एका फेरीत होते. कुठूनही घेतलीत तरी माप कागदावर न्या आणि कापून, कोपरे गोल करूनच आणा.

चिकटवताना:

१. सनमायका फेव्हिकॉल एसआरसारख्या रबरी गमने लावतात. गम दोन्ही पृष्ठांवर, हाताला चिकटेनासा होईपर्यंत सुकू द्यायचा, मग एका कडेकडून दाबत न्यायचं. ओल्या गमवर लावली की फुगे राहतात.
२. हाच गम प्लास्टिक शीटला वापरू नका, त्यातलं सॉल्व्हंट शीट खराब करतं आणि पारदर्शक शीटमागे गमाचे पिवळे पट्टे कायम दिसतात. तिथे दोन्ही बाजूंनी चिकटणारी चांगली अ‍ॅक्रिलिक फोम टेप किंवा स्क्रू.
३. टेप लावण्याआधी पल्ला पाण्याने नव्हे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिशवर आधी वरच्या कोपऱ्यात करून बघा. टेप चारही कडांनी सलग लावा, फक्त खालच्या कडेला पाणी निघायला छोटी फट सोडा. फक्त कोपऱ्यांवर लावली तर मधल्या फटीत नख घुसतं.
४. स्क्रू लावणार असाल तर शीटमधलं भोक स्क्रूपेक्षा दीड-दोन मिलिमीटर मोठं पाडा आणि वॉशर घाला. पॉलिकार्बोनेट उन्हाने वाढतं: एक मीटर शीट २० अंशांच्या फरकाने साधारण सव्वा मिलिमीटर. भोक घट्ट असेल तर शीट मधून फुगते. स्क्रू गच्च आवळू नका.
५. स्क्रू पल्ल्याच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त आत जाणार नाही असा निवडा. ३० मिलिमीटरच्या पल्ल्याला १२ मिलिमीटरचा पुरतो.
६. संरक्षक कागद अगदी शेवटी काढा. पण काढा जरूर. वर्षभर ठेवलेला कागद निघता निघत नाही, आणि त्याचा लोंबणारा कोपरा कुत्र्याला ओढायला आवडतो.

वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना न्यूट्रल प्रकारच्या सिलिकॉनची बारीक रेघ द्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन धातूच्या पत्र्याला नको. खालच्या कडेला मात्र सिलिकॉन देऊ नका, चुकून आत गेलेलं पाणी तिथूनच बाहेर येईल.

*तपासणी :* शीटच्या कडेवरून क्रेडिट कार्ड फिरवा. कुठेही आत शिरलं तर तिथे नखही शिरेल.

टप्पा ७ : चौकट, जाळी आणि भाड्याचं घर

चौकटीच्या कोपऱ्यासाठी २५ मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियम एल पट्टी, तीन फूट उंचीपर्यंत. खाचेच्या बाजूला ती दाराला अडत नाही ना, हे आधी पुठ्ठ्याने बघा. प्लास्टिकची कोपरापट्टी चावणाऱ्या पिल्लापुढे लावू नका, तिचे तुकडे पोटात जातात.

जाळीच्या दाराला साधी फायबरची मच्छरजाळी लावलेली असते, ती एका पंज्यात फाटते. खालच्या निम्म्या भागात स्टेनलेस स्टीलची जाळी घाला आणि तिला आतून आडवी पट्टी द्या, नाहीतर जाळीला पोट सुटतं.

भाड्याच्या घरात मालकांना विचारल्याशिवाय भोक पाडू नका. राहायला येतानाच प्रत्येक दाराचे दोन्ही बाजूंनी, तारखेसह फोटो काढून मालकांना पाठवा. डिपॉझिट परत घेताना तेच उपयोगी पडतात. टेपवरची शीट काढताना ओढू नका, पॉलिशचा थर सोबत निघतो. हेअर ड्रायरने कड कोमट करा आणि शीटमागे मासेमारीची नायलॉन दोरी करवतीसारखी मागेपुढे ओढत खाली आणा. उरलेला गम बोटाने चोळून गोळ्या करून काढा, थिनर लावू नका.

वर्षाचं वेळापत्रक

मे अखेरीस शीटच्या कडा, सिलिकॉन आणि दाराचा तळ बघून घ्या. पावसाळ्यात महिन्यातून एकदा शीटमागे धुकट ओल दिसते का ते तपासा. दिसली तर शीट सोडवून सुकवा, वरून सिलिकॉन थापू नका.

दिवाळीच्या किमान महिनाभर आधी कुत्र्याला घरातली सगळ्यात आतली खोली सवयीची करून द्या. तिथे त्याचं अंथरूण, पंखा, रेडिओ हवा. फटाक्यांच्या रात्री त्या खोलीचं दार बाहेरून लावून त्याला एकटं कोंडू नका. दार उघडं ठेवा, बाहेरचं मुख्य दार बंद ठेवा आणि कोणीतरी त्याच्याजवळ बसा. ज्या दाराशी खणण्याची सवय असेल त्या दाराशी जुनी गादी उभी करून ठेवा, पंजे आणि पल्ला दोन्ही वाचतात.